टाकीची जागा

२४ मे १९६४. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लट इथे ६०० मैलांची मोटरशर्यत नुकतीच सुरू झाली होती. सातव्या फेरीत ज्युनिअर जॉन्सन आणि नेड जॅरेट यांच्या गाड्या एकमेकींना लागून गरगरल्या. मागून येणारी २२ नंबरची जांभळट फोर्ड त्यांना चुकवायला गेली आणि स्वतःच फिरली. पाठमोरी जाऊन ती काँक्रीटच्या भिंतीच्या कडेवर आदळली आणि पालथी पडली. टाकी फुटली, पेट्रोल गाडीत उतरलं आणि पेटलं. आत ग्लेन रॉबर्ट्स होता. त्याला सगळे ‘फायरबॉल’ म्हणत. हे नाव गाड्यांमुळे पडलेलं नव्हतं, पोरवयात तो बेसबॉलचा चेंडू फार जोरात फेकायचा म्हणून पडलं होतं.

जॅरेटची गाडीही पेटली होती. तिच्यातून सुटून तो तसाच रॉबर्ट्सकडे धावला आणि त्याला ओढून बाहेर काढलं. त्यात त्याचे स्वतःचे हात भाजले. त्या काळी चालक आपले सुती कपडे आगरोधक द्रावणात भिजवून, वाळवून घालत. रॉबर्ट्सला दमा होता, ते द्रावण त्याला सोसत नसे, म्हणून त्याच्या अंगावर साधेच कपडे होते. २ जुलैला, ३९ दिवसांनी, तो गेला.

शार्लटच्या त्या आगीला आठवडाही झाला नव्हता. ३० मे रोजी इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅकडोनाल्ड या नवख्या चालकाची गाडी चौथ्या वळणातून बाहेर पडताना सुटली, आतल्या भिंतीवर गेली आणि क्षणात पेटली. जळतच ती घसरत पुन्हा ट्रॅकवर आली. मागून येणाऱ्या एडी सॅक्सला जायला वाट उरली नव्हती. सॅक्स जागच्या जागी गेला, मॅकडोनाल्ड दोनेक तासांनी. एकूण सात गाड्या त्यात सापडल्या. अपघातामुळे ही शर्यत थांबवावी लागण्याची ती पहिलीच वेळ होती.

या दोन आगींनंतर मोटारीच्या जगात एक साधा प्रश्न पहिल्यांदा गंभीरपणे विचारला गेला, पेट्रोल ठेवायचं कुठे आणि कशात? मोटार तोवर पाऊणशे वर्षांची झाली होती. एवढ्या काळात टाकीची जागा अनेकदा बदलली होती, पण आगीचा विचार करून ती क्वचितच ठरली होती. प्रत्येक वेळी तिची जागा दुसऱ्याच कुठल्यातरी गरजेने ठरवली.

सुरुवातीला ती गरज होती गुरुत्वाकर्षणाची. हेन्री फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये पेट्रोलचा पंपच नव्हता. टाकी पुढच्या सीटखाली असे आणि पेट्रोल उताराने आपसूक कार्बोरेटरकडे वाहत जाई. भरायची वेळ आली की बसलेल्यांनी उतरायचं, गादी उचलायची, टाकीत काठी बुडवून किती उरलंय ते पाहायचं. टाकी अर्धीमुर्धी असताना मोठा चढ लागला की इंजिन टाकीपेक्षा वर जाई आणि पेट्रोल पोहोचेनासं होई. मग लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढत. १९२८ च्या ‘मॉडेल ए’मध्ये फोर्डने टाकी उंचावर नेली, इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्या मधोमध. पेट्रोल छान वाहू लागलं, पण दहा गॅलनांची टाकी आता पुढे बसलेल्यांच्या थेट गुडघ्यांसमोर आली. काही कंपन्यांनी इंजिनाच्या ओढीवर चालणारी निर्वात-टाकी बसवली, पुढे यांत्रिक पंप आले, आणि टाकी मागे, डिकीच्या तळाशी, बंपरच्या अलीकडे गेली. तिथे जागा रिकामी होती, एवढंच त्यामागचं कारण होतं.

विमानांतही हेच घडलं. ब्रिटनच्या स्पिटफायर विमानात पहिल्या काळात सगळं, म्हणजे ८५ गॅलन, पेट्रोल वैमानिकाच्या पुढ्यात होतं. हे अविचाराने केलेलं नव्हतं. पेट्रोल जळत जातं तसं वजन कमी होतं. टाकी गुरुत्वमध्यापाशी ठेवली तर भरलेलं आणि रिकामं विमान सारखंच वागतं. हरिकेन विमानात मोठ्या टाक्या पंखांत होत्या आणि २८ गॅलनांची राखीव टाकी पुन्हा वैमानिकासमोरच. १९४० मध्ये ब्रिटनवरच्या हवाई लढाईत या टाक्यांना गोळ्या लागल्या, तेव्हा ज्वाळा थेट वैमानिकाच्या तोंडावर आणि हातांवर आल्या. त्या तरुणांना ईस्ट ग्रिन्स्टेडच्या रुग्णालयात आर्चिबाल्ड मॅकिंडो या न्यूझीलंडच्या शल्यविशारदाने नवे चेहरे दिले, नव्या पापण्या दिल्या. १९४१ मध्ये त्याच्या रुग्णांनी आपला एक क्लब काढला आणि त्याला ‘गिनी पिग क्लब’ असं नाव ठेवलं. ३९ जणांनी सुरू झालेल्या त्या क्लबात युद्ध संपेपर्यंत ६४९ सभासद होते. टाकीच्या जागेची इतकी नेमकी नोंद मला दुसरीकडे कुठे दिसली नाही. प्रत्येक चेहऱ्यावर ती लिहिलेली होती.

विमानात टाकीची जागा बदलणं सोपं नव्हतं, म्हणून टाकीच बदलली. तिच्यावर रबराचे थर चढवले. बाहेरचं रबर पक्कं, मधलं कच्चं. गोळी आरपार गेली की भोकातून झिरपणारं पेट्रोल कच्च्या रबराला लागतं, रबर फुगतं आणि भोक आपोआप बुजतं. युद्धकाळात टायर बनवणाऱ्या कंपन्यांनी अशा टाक्या मोठ्या संख्येने बनवल्या. पुढे हेलिकॉप्टरांसाठी न फाटणाऱ्या लवचीक पिशव्या आल्या. हे ज्ञान टायरवाल्यांकडे होतं, आणि शर्यतींच्या गाड्यांचे टायरही तेच पुरवत होते. तरीही विमानातली ही न फाटणारी पिशवी शर्यतीच्या गाडीत यायला शार्लट आणि इंडियानापोलिस घडावं लागलं, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

१९६४ नंतर फायरस्टोन या टायर कंपनीने शर्यतीच्या गाड्यांसाठी जी टाकी तयार केली, तिला फ्युएल सेल म्हणू लागले. आज हा शब्द ऐकला की हायड्रोजनवर वीज तयार करणारं यंत्र आठवतं. शर्यतीच्या वर्कशॉपमध्ये मात्र या नावाची वस्तू वेगळी आणि फार साधी आहे. बाहेर पत्र्याचा डबा. त्यात रबर चढवलेल्या चिवट कापडाची पिशवी. पिशवीत स्पंजासारखा, आरपार छिद्रांचा फोम. धडकेत डबा चेपतो, पिशवी आकार बदलते पण फाटत नाही. फाटलीच तर फोम पेट्रोलला धरून ठेवतो, ते एकदम उसळून बाहेर येत नाही आणि आत वाफेचा भडकाही होत नाही. वर तोंडाशी एक झडप असते, गाडी पालथी झाली की ती मिटते. फायरबॉल रॉबर्ट्सच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं.

ही टाकी गाडीत बसवायची कुठे, यावर वर्कशॉपमधली जुनी माणसं आजही तासन्‌तास बोलतात. अमेरिकेच्या स्टॉक कारमध्ये, म्हणजे शार्लटला धावत होत्या तसल्या गाड्यांत, ती डिकीत राहिली, पण नुसती डिकीच्या तळाशी लटकवलेली नव्हे. चॅसीच्या दोन दांड्यांमध्ये, पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्यात तिला बसवलं, आणि ती व चालक यांच्यामध्ये अखंड पत्र्याची भिंत घातली. त्या भिंतीत बोट जाईल एवढं भोकही चालत नाही. टाकी खाली बसवली की गाडी वळणात बरी बसते, पण फार खाली गेली तर रस्त्यावरचा लोखंडाचा तुकडा तिला लागू शकतो. पुढे घेतली तर तोल सुधारतो, पण चालक जवळ येतो. मागे नेली तर चालक दूर राहतो, पण मागची धडक जवळ येते. कुठलीही जागा घेतली तरी काहीतरी सोडावं लागतं.

इंडियानापोलिसमध्ये चालकांनी पेट्रोल सोडून मेथॅनॉल जवळ केलं. मेथॅनॉलची आग पाण्याने विझते, कारण ते पाण्यात मिसळतं. पण तिची ज्वाळा दिवसा जवळजवळ दिसत नाही. १९८१ मध्ये याच ट्रॅकवर पिटमध्ये रिक मिअर्सच्या गाडीला आग लागली, तेव्हा तो आणि त्याची माणसं अंगावर न दिसणाऱ्या आगीने तडफडत होती आणि आसपासच्यांना नेमकं काय झालंय ते कळत नव्हतं.

युरोपात या काळात गोष्ट उलट दिशेने चालली होती. १९६२ मध्ये कॉलिन चॅपमनने लोटस २५ ही फॉर्म्युला वनची गाडी काढली. तिला नळ्यांचा सांगाडा नव्हता. ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या दोन लांब पेट्या आणि मधे चालक आडवा झोपल्यासारखा. पेट्रोल त्या पेट्यांतच, साध्या रबरी पिशव्यांत. गाडी हलकी, ताठ, चिंचोळी झाली. वजन गुरुत्वमध्यापाशी राहिलं, स्पिटफायरसारखंच. जिम क्लार्कने तिच्यातून शर्यतींमागून शर्यती जिंकल्या, आणि बघता बघता सगळ्यांच्या गाड्या तशाच होऊ लागल्या. पेट्रोल आता चालकाच्या मांडीला मांडी लावून बसलं.

त्याचा अर्थ १२ जून १९६६ रोजी बेल्जियममधल्या स्पा इथे जॅकी स्टुअर्टला कळला. पहिल्याच फेरीत अचानक पावसाची सर आली आणि एकामागून एक गाड्या घसरल्या. स्टुअर्टची बीआरएम रस्त्याबाहेर फेकली गेली, दबली, आणि वाकलेल्या पत्र्यांत तो स्टिअरिंगमागे अडकला. बाजूच्या टाक्या फुटल्या होत्या, पेट्रोल त्याच्या अंगावर साचत होतं. ग्रॅहॅम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट हे दोघे चालक स्वतःच्या घसरलेल्या गाड्या सोडून त्याच्यापाशी आले. स्टिअरिंग काढल्याशिवाय तो निघणार नव्हता आणि स्टिअरिंग काढायला पाना नव्हता. शेवटी कुणा प्रेक्षकाच्या गाडीतून पाना मागून आणला. सुटका व्हायला सुमारे २५ मिनिटं लागली. एवढ्या वेळात एकही ठिणगी पडली नाही, म्हणून स्टुअर्ट जगला. त्यानंतर तो स्टिअरिंगला पाना बांधूनच शर्यतीत उतरू लागला आणि सुरक्षिततेची मागणी त्याने आयुष्यभर लावून धरली. तेव्हा पुष्कळांनी त्याला भित्रा म्हटलं.

ज्यांना हे नशीब लाभलं नाही त्यांची यादी मोठी आहे. मोनाकोत १९६७ मध्ये लोरेंझो बांदिनी. त्याच्या पालथ्या फेरारीभोवती कडेला रचलेले गवताचे भारेही पेटले. रुआँला १९६८ मध्ये जो श्लेसर, मॅग्नेशियमच्या होंडात. जी गाडी शर्यतीलायक नाही म्हणून जॉन सर्टीसने चालवायला नकार दिला होता, तीच ही. झांडफोर्टला १९७० मध्ये पिअर्स करेज. प्रत्येक वेळी पेट्रोल अंगाशी होतं.

१९७२ मध्ये टाकीत फोम भरण्याचा नियम आला. १९७३ मध्ये ठरावीक प्रमाणाची रबरी पिशवी सक्तीची झाली आणि टाक्यांबाहेर धडक झेलून चेपणारा थर घालावा लागला. कागदावर सगळं ठीक होतं. त्याच वर्षी २९ जुलैला झांडफोर्टमध्ये रॉजर विल्यमसनची मार्च गाडी पालथी होऊन घसरत गेली आणि पेटली. ही त्याची फॉर्म्युला वनमधली दुसरीच शर्यत होती. तो शुद्धीवर होता, फक्त गाडीखाली अडकला होता. मागून आलेल्या डेव्हिड पर्लीने आपली गाडी थांबवली, रस्ता ओलांडला आणि जळती गाडी एकट्याने सरळ करायचा प्रयत्न केला. नाही झाली. त्याने जवळच्या कर्मचाऱ्याकडून अग्निशामक नळा घेतला, तो संपला. पुन्हा गाडी उचलायला गेला. जवळ उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यांच्या अंगावर आगीत शिरता येतील असे कपडे नव्हते. शर्यत थांबली नाही. बाकीच्या गाड्या त्या धुराजवळून फेऱ्या मारत राहिल्या, कारण अनेकांना वाटलं की हात हलवणारा पर्लीच त्या गाडीचा चालक आहे आणि तो सुखरूप बाहेर आला आहे. विल्यमसन आत गुदमरून गेला. पर्लीला पुढे ब्रिटनचं ‘जॉर्ज मेडल’ मिळालं. त्या प्रसंगाची छायाचित्रं पाहिली की मला टाकी, पिशवी, नियम सगळं विसरायला होतं. एक माणूस एकटा एका गाडीला खांदा लावतोय, एवढंच दिसत राहतं.

त्याच वर्षी मे महिन्यात इंडियानापोलिसला स्वीड सॅव्हेजची गाडी, नुकतंच इंधन भरून निघालेली, चौथ्या वळणाजवळ भिंतीवर फुटली. तो ३३ दिवसांनी गेला. या अपघातानंतर तिथल्या संघटनेने जागेचा नियम केला. टाकी ७५ गॅलनांवरून ४० वर आणली आणि तीही गाडीच्या डाव्या बाजूलाच ठेवायची असं ठरवलं. हा ट्रॅक डावीकडेच वळतो, बाहेरची भिंत कायम उजव्या हाताला असते आणि बहुतेक गाड्या तिच्यावर आदळतात. सॅव्हेजची गाडी मात्र आतल्या भिंतीवर गेली होती. तरीही नियम योग्यच होता. नियम करताना एकाच अपघाताकडे पाहून भागत नाही, पुढे बहुतेक वेळा काय घडणार याचा अंदाज बांधावा लागतो.

शर्यतीतल्या माणसाने धोका निदान पत्करलेला असतो. रस्त्यावरच्या गाडीत बसणाऱ्याने तोही पत्करलेला नसतो, म्हणून फोर्ड पिंटोची हकिगत मला या सगळ्यांत अधिक गंभीर वाटते. १९७० च्या सप्टेंबरात फोर्डने ही छोटी, स्वस्त गाडी बाजारात आणली. वजन दोन हजार पौंडांच्या आत, किंमत दोन हजार डॉलरच्या आत, असं लक्ष्य होतं. टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे, बंपरच्या अगदी पुढे. तेव्हाच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत ती साधारण तिथेच असे, पण पिंटो आखूड होती, मागे चेपायला जागा फार कमी. मागून धडक बसली की टाकी पुढे सरके आणि डिफरन्शियलवरचे बोल्ट तिच्यात घुसत. इंधन भरायची नळीही टाकीतून उपटली जाई.

मे १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात महामार्गावर एक नवी पिंटो बंद पडली आणि मागून आलेली गाडी तिच्यावर आदळली. गाडी चालवणारी बाई काही दिवसांत गेली. शेजारी बसलेला १३ वर्षांचा मुलगा वाचला, पण भाजण्याच्या खुणा जन्मभर घेऊन. ‘ग्रिमशॉ विरुद्ध फोर्ड मोटर कंपनी’ हा खटला याच अपघाताचा. १९७८ मध्ये ज्युरीने साडेबारा कोटी डॉलरची दंडात्मक भरपाई ठोठावली. न्यायाधीशांनी ती ३५ लाखांवर आणली आणि १९८१ मध्ये अपिलातही ती कायम राहिली. अपिलाच्या निकालपत्रात टाकीच्या जागेचा सगळा हिशेब आहे. ॲक्सलच्या वर टाकी बसवलेल्या गाड्या ताशी ३१ मैलांच्या चाचणीत पास झाल्या होत्या. टाकीत रबरी पिशवी घातलेल्या गाड्या ताशी २१ मैलांच्या चाचणीत गळल्या नव्हत्या. आणि खर्च? नायलॉनच्या पिशवीचा खर्च गाडीमागे सव्वापाच ते आठ डॉलर. टाकी ॲक्सलवर नेऊन तिच्याभोवती संरक्षक भिंत घालण्याचा खर्च ९ डॉलर ९५ सेंट.

पिंटोचं नाव निघालं की माणसाच्या जिवाची किंमत दोन लाख डॉलर धरून गाडीमागच्या ११ डॉलरच्या खर्चाशी ताडणाऱ्या एका टिपणाचा दाखला दिला जातो. न्यायाने सांगायचं तर ते टिपण एकट्या पिंटोबद्दल नव्हतं. ते सरकारी खात्याला सादर केलेलं, देशातल्या सगळ्या गाड्यांविषयीचं आणि गाडी उलटल्यावर होणाऱ्या गळतीविषयीचं होतं. दोन लाखांचा आकडाही सरकारी खात्याकडूनच आलेला होता. पण निकालपत्रातले आकडे त्या टिपणाशिवायही पुरेसे बोलके आहेत. १९७८ मध्ये फोर्डने सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या आणि टाकी व बोल्ट यांच्यामध्ये प्लॅस्टिकची ढाल बसवली, नळी लांब केली. टाकीची जागा तीच राहिली. नव्या गाड्यांत मात्र हळूहळू टाकी मागच्या ॲक्सलच्या पुढे, मागच्या सीटखाली आली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये. आज बहुतेक मोटारींत ती तिथेच असते.

फॉर्म्युला वनमध्ये योग्य जागा सापडली ती वेगळ्याच शोधात. १९७६ च्या १ ऑगस्टला न्यूर्बर्गरिंगवर निकी लाउडाची फेरारी पेटली, तेव्हा तिच्या टाक्या बाजूलाच होत्या. मेर्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि एर्टल या चार चालकांनी त्याला बाहेर काढलं. लाउडा सहा आठवड्यांत पुन्हा शर्यतीत उतरला, जखमांवर पट्ट्या बांधून. पण टाक्या बाजूला होत्या त्या त्याच्यामुळे हलल्या नाहीत. त्या हलल्या हवेमुळे. गाडीच्या बगलेत उलट्या पंखाच्या आकाराचा बोगदा केला तर त्यातून धावणारी हवा गाडीला जमिनीशी ओढून धरते, हे लोटसच्या लोकांनी ओळखलं. बोगद्याला जागा हवी होती आणि ती पेट्रोलने अडवली होती. १९७८ च्या लोटस ७९ मध्ये चॅपमनच्या लोकांनी सगळं पेट्रोल चालकाच्या मागे आणि इंजिनाच्या पुढे, एकाच टाकीत आणलं. वजन गुरुत्वमध्यापाशीच राहिलं, बगला मोकळ्या झाल्या, आणि ध्यानीमनी नसताना टाकीला पुढून चालकाच्या कोशाचा, मागून इंजिनाचा आडोसा मिळाला. मोटारीच्या पोटातली सगळ्यांत सुरक्षित जागा हीच.

त्याच वर्षी १० सप्टेंबरला मोन्झात रॉनी पीटरसनची लोटस ७९ सकाळच्या सरावात मोडली. राखीव ७९ त्याचा संघातला जोडीदार मारिओ आंद्रेत्ती याच्या मापाची होती, उंच पीटरसन तिच्यात मावत नव्हता. तो जुन्या लोटस ७८ मध्ये बसला, जिच्यात बाजूलाही पेट्रोल होतं. सुरुवातीच्याच गर्दीत गाडी भिंतीवर आदळून पेटली. जेम्स हंट आणि इतरांनी त्याला ओढून काढलं. भाजणं फार नव्हतं, पण पाय चिरडले होते. शस्त्रक्रियेनंतर रक्तात चरबीच्या गाठी अडकून तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. टाकी मागे असती तर तो वाचला असता, असं म्हणता येणार नाही. पाय वाचवायची सोय दोन्ही गाड्यांत नव्हती.

मागची टाकी सगळ्यांनी उचलली आणि १९८४ मध्ये ती चालक व इंजिन यांच्यामध्ये असणं सक्तीचं झालं. यालाही किंमत मोजावी लागली. मोठी टाकी मागे बसवायची तर चालकाला पुढे सरकवावं लागलं, इतकं की त्याची पावलं पुढच्या चाकांच्याही पुढे गेली. १९८२ मध्ये दिदिए पिरोनीचे आणि १९८६ मध्ये जाक लाफितचे पाय चिरडले गेले, दोघंही पुन्हा फॉर्म्युला वनमध्ये उतरू शकले नाहीत. मग १९८८ पासून पावलं पुढच्या चाकांच्या रेषेमागे असलीच पाहिजेत असा नियम झाला. १९८९ मध्ये इमोलाला गेर्हार्ड बर्गरची फेरारी पेटली, तेव्हा आग काही सेकंदांत विझवली गेली आणि तो एकच शर्यत चुकवून परत आला.

२९ नोव्हेंबर २०२० ला बहारीनमध्ये रोमाँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसली आणि दोन तुकडे झाले, बरोबर टाकीच्या मागे. धडकेचा जोर ६७ ग्रॅव्हिटी मोजला गेला. पिशवी पुरती फाटली नाही, पण टाकीच्या तपासणीचं झाकण निसटलं आणि इंजिनाकडे जाणारी जोडणी उपटली गेली, तेवढ्याने तो भडका झाला. २७ सेकंदांनी ग्रोजाँ स्वतःच्या पायांनी ज्वाळांतून बाहेर आला. त्याचे हात भाजले होते.

इथे आपल्याकडे हा प्रश्न डिकीत आहे. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर आल्या, सिलिंडर डिकीत बसला आणि प्रवाशाची बॅग टपावरच्या कॅरियरवर गेली. सुमारे २०० बार दाबाचा वायू आपल्या पाठीमागे ठेवून आपण रोज प्रवास करतो. टाटा मोटर्सने २०२३ मध्ये पुण्यात बनणाऱ्या आल्ट्रोजमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी ३० लिटरचे दोन सिलिंडर डिकीच्या फळीखाली बसवले. पण रस्त्यावरच्या असंख्य गाड्यांत किट नंतर, बाहेरच्या गॅरेजात बसवलेलं असतं, आणि तिथे जागा ठरवणारा कुणी इंजिनिअर नसतो. तुमची गाडी तशी असेल तर येत्या रविवारी डिकी उघडा. सिलिंडरचे पट्टे नुसत्या पातळ पत्र्याला आवळलेत की चॅसीच्या भक्कम भागाला, ते बघा. गळती झाली तर वायू गाडीत न साचता बाहेर जाईल अशी नळी आहे का, ते तपासा. आणि सिलिंडरवरच्या पाटीवर शेवटच्या चाचणीची तारीख वाचा. ती चाचणी दर तीन वर्षांनी करायची असते.